व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिणार?

चि. यास, अनेक आशीर्वाद.

‘काका, नोकरी सोडून पूर्णवेळ राजकारणात उतरतोय,’ हा तुझा मेसेज परवा वाचला. राजीनामा अजून दिला नसशील, तर जरा थांब.

तुला ठाऊक आहे, मी कोर्टात कमी उभा राहिलो आणि उमेदवारांचे अर्जच जास्त भरले. अर्जासोबत जोडायच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, कर्ज, सोनं हे सगळं घडाघडा सांगणारा माणूस व्यवसायाच्या रकान्यापाशी हमखास अडतो. मग मागून कोणीतरी ओरडतं, ‘शेती आन् समाजसेवा टाका!’ एकदा मी सहज विचारलं, ‘साहेब, यंदा शेतात काय पेरलंय?’ साहेबांनी चुलतभावाकडे पाहिलं. ‘सोयाबीन,’ चुलतभाऊ म्हणाला. मी ‘शेती’ लिहिलं. सातबारा होता, खोटं काहीच नव्हतं.

२०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी २८० जण पहिल्यांदाच निवडून आले. सगळ्या सभागृहाचा हिशेब धरला, तर जवळजवळ निम्म्यांनी समाजसेवा सांगितली आहे आणि एक तृतीयांशाहून जास्त जणांनी शेती. (दोन्ही लिहिणारेही आहेतच.) समाजसेवेवर किराणा भरत नाही, बाबा. म्हणून त्याच प्रतिज्ञापत्रात उत्पन्नाचा स्रोतही विचारतात. मी आधी तोच वाचतो.

आता आपल्याकडचे नवे खासदार बघ. लातूरचे डॉ. शिवाजी काळगे डोळ्यांचे डॉक्टर. दिंडोरीचे भास्कर भगरे शिक्षक. सगळा मतदारसंघ त्यांना ‘भगरे सर’ म्हणतो. त्या ‘सर’ला किती वजन असावं? तिथे दुसरेही एक भगरे अपक्ष उभे होते. त्यांच्या नावापुढेही ‘सर’ आणि चिन्ह तुतारी; खऱ्या सरांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्यांनी लाखावर मतं घेतली! तरीही खरे सर केंद्रीय राज्यमंत्र्यांना हरवून निवडून आले. दक्षिण गोव्याचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस नौदलातून निवृत्त झालेले. २०२२ मध्ये दाबोळीत विधानसभा हरले आणि दोन वर्षांत लोकसभेत गेले.

ही झाली पहिली वाट, कामाची. यांना लोक निवडणुकीच्या आधीपासून कुठल्या ना कुठल्या कामामुळे ओळखत होते. डॉक्टरासमोर माणूस दुखणं घेऊन बसतो, मास्तरासमोर पोरगं घेऊन. ही ओळख फ्लेक्सवर छापून मिळत नाही.

दुसरी वाट पायऱ्यांची. पुण्याचे मुरलीधर मोहोळ मूळचे पैलवान; मग नगरसेवक, स्थायी समितीचे अध्यक्ष, महापौर आणि पहिल्याच खासदारकीत राज्यमंत्री. अमरावतीचे बळवंत वानखडे सरपंचपदापासून वर आले. ही वाट लांबलचक आहे, आणि तेवढी वर्षं घर कशावर चालवायचं हा प्रश्न प्रत्येक पायरीवर भेटतो.

तिसरी वाट तुझी नाही. आडनाव हा व्यवसाय असलेल्यांसाठी त्या नमुन्यात रकानाच नाही. (तरी उगाच सरसकट नाकं मुरडू नकोस. सोलापूरच्या प्रणिती शिंदे माजी मुख्यमंत्र्यांच्या कन्या खऱ्या, पण लोकसभेआधी तीनदा आमदारकी जिंकून आल्या.)

पहिल्या लोकसभेत साधारण एक तृतीयांश वकील होते. सभापती मावळणकरही अहमदाबादचे वकीलच. अशा वकिलांना खासदारकी गेली, तरी पोटापाण्याला काळा कोट होता. माझ्या ओळखीचे पूर्णवेळ कार्यकर्ते मात्र पन्नाशीला आले, तरी नेत्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून असतात. नेत्याला ‘नाही’ म्हटलं, तर उद्याचं पेट्रोल कोण टाकणार?

तू नोकरी ठेव. शनिवार-रविवार वॉर्डाला दे, पाण्याचा एकच प्रश्न धर आणि तडीला ने. नोकरी सरकारी असती तर निवडणुकीला उभं राहण्यासाठी ती सोडावीच लागली असती. तुझी खासगी आहे. कंपनीचे नियम तेवढे तपास.

आणि या शनिवारी घरी ये. येताना निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून लातूर, दिंडोरी आणि अमरावतीची प्रतिज्ञापत्रं छापून आण. मोठ्या अक्षरात, माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय.

तुझा,
काका