बरण्यांतली बुरशी आणि तिसरी नीट

प्रश्न : मुलीला बारावीला ७८ टक्के. नीट दोनदा दिली, जमली नाही. यंदा तिसऱ्यांदा लातूरला ठेवायचं ठरवलंय. तिला मात्र ऑर्किडचं वेड. स्वयंपाकघरात बरण्या मांडून बी रुजवत होती. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी : तारीख, कुठल्या फुलाचा पराग कुठल्या फुलाला. सगळ्यांना बुरशी आली, तिथेही नापासच. अगदीच काही नाही झालं तर अर्धा एकर द्राक्षबाग विकून टिश्यू कल्चरची लॅब टाकून देईन, नव्या जाती काढून विकेल. योग्य राहील का? – एक पालक, तासगाव

उत्तर : बाग विकू नका. लॅबचं पुढे बोलू, आधी बरण्यांचं.

ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक. त्यात अंकुरासाठी साठवलेलं अन्नच नसतं, रानात ते एका बुरशीच्या आधाराने रुजतं. साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर, ते बुरशीशिवायही उगवतं, हे १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी दाखवलं. पण तीच साखर आपल्याला नको असलेल्या बुरशीलाही आवडते. म्हणून लॅबमध्ये ही जेली १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करतात, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करतात, आणि काम लॅमिनार फ्लोपुढे, म्हणजे गाळलेल्या हवेच्या झोतात, बसून करतात. तरीही बाटल्या खराब होतात, कोणी त्यांना नापास म्हणत नाही. तुमच्या मुलीकडे यातलं काहीच नव्हतं. तिने परागाचे ते पिवळे मेणचट गोळे काडीने उचलून लावले, शेंग भरेपर्यंत काही महिने थांबली आणि नोंद ठेवली. इतकी चिकाटी दिसत असताना तुम्ही तिच्या नापासांची बेरीज करताय, मला काळजी त्याची वाटते. पत्रभर तुम्ही काय ठरवलंत ते आहे, तिला काय हवंय याची एक ओळ नाही.

आता ‘नव्या जाती’. आपल्याकडे टिश्यू कल्चर म्हटलं की जी-नाईन केळीची रोपं डोळ्यांपुढे येतात, तिथेच गफलत होते. ती सगळी रोपं सारखी निघतात, म्हणून तर शेतकरी ती घेतो. टिश्यू कल्चर म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं, ते नकला काढतं. नवी जात संकरातून येते. एका शेंगेत लाखो बिया असू शकतात आणि प्रत्येक रोप वेगळं. ती वाढवायची, फुलं यायची तीन-चार वर्षं वाट बघायची, बहुतेक टाकून द्यायची. एखादं मनासारखं निघालं की त्याच्या नकला. त्यातही फॅलेनॉप्सिस या ऑर्किडचा शेंडा कापला तर मूळ झाडच हातचं जाण्याची भीती, म्हणून फुलांच्या दांडीवरचे डोळे वापरतात. हे हातात बसायच्या आत लॅब टाकाल तर खर्चाची बिलं उगवतील, रोपं नाही.

आधी शिक्षण : एमएचटी-सीईटीतून बीएस्सी ॲग्री किंवा हॉर्टिकल्चर, नाहीतर बीएस्सी बायोटेक. पुढे सिक्कीममध्ये पाक्योंगला ऑर्किडचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, ते तिला माहीत असू दे. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हेही सांगून ठेवतो. लातूरचं मात्र रद्द करा. तिने स्वतः मागितलं तरच पाठवा.

प्रवेशाआधी जवळपासच्या केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये महिनाभर शिकायला घेतात का, विचारा. तिथे दिवसभर मास्क लावून एकाच जागी चिमटा-ब्लेडने तुकडे करत बसावं लागतं. ती कंटाळली तर तेही आत्ताच कळलेलं बरं. आणि कंटाळली म्हणून लगेच नीटचा फॉर्म पुढे करू नका.