पहिल्यांदा सोडलं तेव्हापेक्षा सुट्टीनंतर मूल परत कॉलेजला गेलं की जास्त त्रास का होतो?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी पहिल्या वर्षाला आहे, हिवाळ्याच्या सुट्टीत तीन-चार आठवडे घरी होती, आता परत हॉस्टेलला गेली आणि पहिल्यांदा सोडून आलात तेव्हा आलं नव्हतं एवढं रडू आत्ता येतंय, घरातले म्हणतात आता तर सवय व्हायला पाहिजे. हे असं होणं नॉर्मल आहे का आणि यातून सावरायचं कसं, असं विचारलंय.

मी बाप आहे. मोठा मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, धाकटी यंदाच गेली. म्हणजे असे चार जानेवारी काढलेत मी, आणि अगदी मनापासून सांगतो, मुलाच्या वेळी पहिल्यांदा सोडायला गेलो ते मला एवढं लागलं नव्हतं जेवढं पहिल्या सुट्टीनंतरचं जाणं लागलं.

कारण पहिल्यांदा जातात तेव्हा आपल्याला वेळच नसतो हो. अ‍ॅडमिशन, फी, कागदपत्रं, काय न्यायचं त्याची यादी, बॅगा, मग तिथे जाऊन खोली बघायची, गादी बघायची, रूममेटशी बोलायचं, माणूस नुसता पळत असतो आणि हातांना काम असलं की मन गप्प बसतं. सुट्टीनंतर यातलं काहीच नसतं. आमचा मुलगा पहिल्यांदा गेला तेव्हा दोन मोठ्या बॅगा, एक उशी आणि पुस्तकांचं खोकं असं सगळं गाडीत कोंबून नेलं होतं. सुट्टीत आला तो पाठीवर एक सॅक घेऊन, आणि गेला तो तीच सॅक पाठीवर टाकून. मी दारात उभा राहून म्हणालो, अरे बाकीचं सामान? तर म्हणाला, बाबा बाकीचं सगळं तिथेच आहे ना. तो साधंच बोलला, पण माझ्या पोटात कालवलं. त्याचे कपडे तिकडे, त्याची पुस्तकं तिकडे, उशीसुद्धा तिकडे. पहिल्यांदा तो घर सोडून गेला होता, ह्या वेळी तो आपल्या जागी परत चालला होता, आणि हे आपल्याला त्या दारात पहिल्यांदा दिसतं.

म्हणून मला वाटतं सवय व्हायला पाहिजे म्हणणारे चुकतायत. पहिल्या वेळी मनात कुठेतरी आशा असते की सुट्टी लागेल, मूल येईल आणि सगळं पूर्वीसारखं होईल. सुट्टी येते आणि कळतं की पूर्वीसारखं होत नाही. ती येते पण पाहुण्यासारखी थोडी, अर्धा वेळ मित्रमैत्रिणींकडे, अर्धा वेळ फोनवर, दुपारी बारापर्यंत झोपलेली, तिचे शब्द बदललेले असतात, मतं बदललेली असतात. आशा गेल्याचं ते रडू आहे असं मला तरी वाटतं.

पॉलीन बॉस म्हणून एक अमेरिकन मानसतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं, त्यातून त्यांची एक कल्पना पुढे आली, की काही दुःखं अशी असतात जिथे माणूस गेलेलाही नसतो आणि जवळही नसतो, त्यामुळे मनाला धड रडताही येत नाही आणि धड विसरताही येत नाही. तुमचं आमचं दुःख अर्थातच त्या घरांएवढं मोठं नाही, पण मूल घराबाहेर पडणं हेही त्याच जातीतलं एक असं त्या मानतात. मला हे वाचून फार हलकं वाटलं होतं. लेक सुखरूप आहे, शिकतेय, रोज मेसेज करते, मग मी रडतोय कशाला असं वाटून आपण स्वतःलाच दटावतो ना, ते दटावणं तरी बंद झालं.

आता मी काय चुका केल्या ते सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही.

मुलगा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याची खोली आवरायला घेतली. घर खायला उठलं होतं, काहीतरी करायला हवं होतं म्हणून. टेबलाच्या खणात जुनी वह्यांची पानं, तिकिटांचे तुकडे, सुकलेली पेनं असला पसारा होता, मी सगळा पिशवीत भरला आणि टाकून दिला, चादर बदलली, टेबल पुसलं, मला वाटलं छान काम झालं. पुढच्या सुट्टीत तो आला, खण उघडला, आणि बराच वेळ तसाच हात खणात घालून उभा राहिला. मग एवढंच म्हणाला, "मला विचारायचं होतंत ना बाबा." त्यात शाळेतल्या शेवटच्या दिवशी मित्रांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या होत्या. ते आजही आठवलं की मला वाईट वाटतं. तेव्हा खोलीला हात लावू नका, निदान पहिलं वर्षभर तरी, आणि लावायचाच असेल तर तिला फोन करून विचारून लावा. खोलीचं दुसरं काही करायचं मनात असेल तर तेही तिच्याशी बोलून, ती समोर असताना.

दुसरी चूक फोनची. मी रोज रात्री नऊला फोन करायचो. जेवलास का, झोप होते का, अभ्यास कसा चाललाय, थंडी आहे का. तिकडून हं, हो, चाललंय, आहे. मला राग यायचा की हा दोन वाक्यं नीट बोलत नाही, आणि त्याला वाटत असणार की रोज हजेरी लागतेय. शेवटी त्यालाच विचारलं की तुला कधी बोलायला बरं पडतं, तो म्हणाला रविवारी दुपारी, आणि त्या रविवारी आम्ही चाळीस मिनिटं बोललो. मधल्या दिवसांत मी उत्तर मागणारा मेसेज करायचं सोडलं, त्याऐवजी काहीतरी दिसलं की फोटो टाकतो, खिडकीत बसलेलं मांजर, त्याच्या शाळेची रंगवलेली भिंत, असलं काहीही. त्याला उत्तर द्यायची सक्ती नाही. बहुतेक वेळा तो देतो. मूल कुठे आहे ते नकाशावर दाखवणारं अ‍ॅपही आमच्याकडे होतं, ते मी स्वतःहून काढलं कारण रात्री अडीचला मी तो ठिपका बघत बसायचो, आणि ठिपका हॉस्टेलवर असला तरी झोप यायची नाहीच.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत एक फोन येतो, त्याची तयारी ठेवा. पहिल्या सेमिस्टरला सगळंच नवीन असतं, सगळे एकमेकांशी ओळखी करत असतात. दुसऱ्या सेमिस्टरला ती नवलाई संपते, मार्क हातात आलेले असतात आणि कधी मनासारखे नसतात, घरची ऊब नुकतीच सोडून आलेलं असतं, आणि मग रात्री साडेअकराला फोन येतो आणि पोर रडतं. माझी धाकटी तर गेल्या गेल्या तिसऱ्याच दिवशी रडली. अशा वेळी आपण लगेच उपाय सांगायला लागतो, सरांशी बोल, रूम बदलून घे, मी येऊ का. मी आता आधी विचारतो, "तुला नुसतं सांगायचंय की मी काही करायला हवंय?" दहातल्या नऊ वेळा नुसतं सांगायचं असतं. ती सांगून मोकळी होते, अर्ध्या तासात मैत्रिणींबरोबर हसत असते, आणि इकडे आपल्या डोळ्याला डोळा लागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. सकाळी एक साधा मेसेज करून विचारायचं कशी आहेस, बास. पण ती क्लासला जायचंच बंद झालीये, कुणालाच भेटत नाहीये, दिवसदिवस झोपून असते किंवा जगण्याबद्दलच निराश काही बोलतेय असं दिसलं तर मात्र वाट बघू नका, सरळ जा, आणि कॉलेजच्या समुपदेशकाची किंवा डॉक्टरची गाठ घालून द्या.

सुट्टीत भांडणं झाली असतील तर त्याचंही ओझं घेऊन बसू नका. बऱ्याच आया मला सांगतात की एवढ्या दिवसांनी आली आणि शेवटच्या दोन दिवसांत आम्ही भांडलोच, आता जीव तुटतो. आमच्याकडे दर सुट्टीत शेवटच्या दोन दिवसांत भांडण होतं. चिडून निघणं सोपं असतं ताई, रडत निघण्यापेक्षा, दोघांनाही. उशिरापर्यंत झोपण्यावरून तर आमच्या घरात महाभारत झालंय, मग वाचलं की शरीराचं घड्याळ विशीच्या आसपास सगळ्यात उशिरा चालतं आणि नंतर हळूहळू परत लवकर सरकतं, तेव्हा मी त्या विषयावर बोलणंच सोडलं. पुढच्या सुट्टीच्या आधीच फोनवर ठरवून घ्या की रात्री उशीर होणार असेल तर एक मेसेज टाकायचा आणि घरातलं अमुक एक काम तिचं. बाकी सोडून द्या. ती चार महिने स्वतःच्या मनाने उठत-झोपत होती, तुम्हाला विचारून नाही.

तुम्ही मिस्टरांबद्दल काही लिहिलं नाहीये म्हणून हे जरा जपून लिहितो. मुलगा गेला तेव्हा मी बायकोसमोर एकदम ठीक असल्यासारखा वागत होतो कारण मला वाटलं ती ठीक आहे, उगाच कशाला. ती ठीक दिसत होती कारण तिला वाटत होतं मी ठीक आहे. आठ दिवसांनी मी दुपारी अवेळी घरी आलो तर ती मुलाच्या खोलीत त्याच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी बदललेली चादर तिने काढून टाकली होती, त्याची जुनी न धुतलेली चादर कपड्यांच्या बादलीतून परत आणून घातली होती. मी काही बोललो नाही, तिथेच खाली बसलो. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा नीट रडलो आणि मग संध्याकाळपर्यंत बोलत बसलो, मुलाबद्दल कमी आणि आमच्याबद्दल जास्त, कित्येक वर्षांनी. नंतर माझ्या वाचनात आलं की कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी काही बायकांचा १८ वर्षं अभ्यास केला होता, २००८ साली तो छापून आला, त्यात मुलं घराबाहेर पडल्यावर त्यांचं संसारातलं समाधान वाढलेलं दिसलं, आणि ते नवऱ्याबरोबर जास्त वेळ मिळाला म्हणून नाही तर आहे तो वेळ जास्त चांगला जायला लागला म्हणून. आमच्या बाबतीत हे खरं झालं, पण त्याला वर्ष लागलं. तुम्ही एकट्याने मुलीला वाढवलं असेल तर हे सगळं दुप्पट जड आहे, तेव्हा एखादी बहीण किंवा मैत्रीण अशी ठेवाच जिच्यासमोर न सांगताही रडता येईल.

घरी दुसरं मूल असेल तर त्याच्याकडे बघा. दादा गेला तेव्हा आम्ही दोघं आमच्या दुःखात, आणि धाकटी एकदम चिडकी झाली होती. आम्हाला वाटलं वय आहे. तिने एकदा जेवताना सांगितलं, "तुम्ही दोघं सारखे माझ्याकडेच बघता." तिचा भांडायला असलेला माणूस गेला होता आणि वर आमचं सगळं लक्ष तिच्या एकटीवर येऊन पडलं होतं.

आणखी एक, हे बायका आपणहून बोलत नाहीत म्हणून मीच लिहितो. बहुतेक बायकांची पाळी ४५ ते ५५ च्या मध्ये कधीतरी थांबते आणि नेमकी त्याच वर्षांत मुलं बाहेर पडतात, त्याच वर्षांत आपले आईवडील थकतात. झोप नीट न लागणं, एकदम भरून येणं, यातलं थोडं शरीराचंही असू शकतं. जिथे हिवाळ्यात दिवस फार लहान होतो तिथे त्या अंधारानेही काही लोकांचं मन खचतं. त्यामुळे दोन आठवडे उलटून गेले आणि तरी रोज तसंच वाटतंय, झोप नाही, भूक नाही, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, तर हे लेक गेल्याचंच आहे असं धरून बसू नका, डॉक्टरकडे जा. माझी बायको गेली होती, बरं झालं गेली.

तुम्हाला आठवडाच झालाय. ह्या आठवड्यात रडा, लोक काय म्हणतात ते सोडा. स्वयंपाकाचा अंदाज चुकेल, रात्री तिच्या खोलीचा दिवा बंद केलाय का बघायला जाल, होतं तसं, मी अजून जातो.

आमची धाकटी गेल्या रविवारी गेली. झाडताना तिच्या घरात घालायच्या स्लीपर पलंगाखाली सापडल्या, मी लगेच फोटो टाकून विचारलं, विसरलीस, कुरियर करू का? तर म्हणाली, "नको बाबा, विसरले नाही. तिथे दुसऱ्या आहेत. ह्या घरच्या, राहू देत तिथेच."

केर काढून झाल्यावर मी त्या परत पलंगाखाली सरकवल्या.