मार्क्सवादी दृष्टीने गुन्हा म्हणजे काय? 'गरीब माणूस परिस्थितीमुळे चोरी करतो', एवढंच का?

एवढंच असतं तर मार्क्सची गरजच नव्हती. 'परिस्थितीमुळे हातून घडलं, साहेब' हे आम्ही वकील शिक्षा कमी व्हावी म्हणून रोज सांगतो. मार्क्सवाद्यांचा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे: अमुक गोष्ट म्हणजे चोरी, हे ठरवलं कोणी आणि कधीपासून?

मी रायगडात तालुका कोर्टात वकिली करतो, म्हणून इथलंच सांगतो. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. ऐन-किंजळाची टहाळी तोडून वाळवायची, शेण-पालापाचोळ्यासोबत वाफ्यावर पसरायची, वर थोडी माती टाकायची आणि पावसाआधी पेटवून द्यायची. तण मरतं, राखेचं खत होतं, रोप जोमाने येतं. ही टहाळी पिढ्यान्‌पिढ्या रानातून यायची. १८७८ चा वन कायदा आला, रानं राखीव होत गेली, आणि बाप ज्या झाडाची फांदी तोडायचा त्याच झाडापाशी मुलगा आरोपी झाला. ठाणे-कुलाब्यात (कुलाबा म्हणजे आजचा रायगड) इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं.

आता मार्क्सकडे या. १८४२ मध्ये, चोवीस वर्षांचा असताना, त्याने जर्मनीतल्या कोलोनच्या वृत्तपत्रात नेमकं याच विषयावर लिहिलं. ऱ्हाईन प्रांताच्या विधानसभेत सरपणचोरीच्या कायद्यावर चर्चा झाली होती. झाडावरून गळून पडलेली काटकी उचलणं आणि उभं झाड तोडणं, दोन्ही चोरीच धरायची होती. वर मालाची किंमत जंगलमालकाचाच रखवालदार लावणार, आणि दंडाची रक्कमही मालकाच्या खिशात. मार्क्सचा आक्षेप असा, की इथे सरकार मालकाचं नोकर झालं. तो तेव्हा कम्युनिस्टही नव्हता. अर्थकारणाकडे आपण वळलो ते या वादापासून, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलं.

माझ्यापुढे अशा केसमधला मुद्देमाल आलेला आहे: एक कोयता आणि सुंभाने बांधलेली मोळी. पंचनाम्यात लाकडाची किंमत लिहिलेली, आणि ती लावणारा माणूस फिर्यादी खात्याचाच. दंड मालकाच्या खिशात जात नाही, सरकारात जातो, एवढा फरक.

दुसरं टोकही बघा. दाभोळ खाडीतले मच्छीमार रासायनिक सांडपाण्याने मासळी मरते म्हणून वर्षानुवर्षं ओरडताहेत. आणि १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती, ती २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आणला. तो भरला नाही तरच तुरुंगाची गोष्ट निघते. (पाणी प्रदूषणाचा कायदा वेगळा आहे, हे मला ठाऊक आहे. पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळतं.) नुकसान कुठलं मोठं, मोळीचं की खाडीचं, हे विचारलंत की मार्क्सवादी गुन्हेशास्त्राच्या गाभ्याशी पोचलात.

मात्र 'कायदा म्हणजे मालकांची काठी' एवढ्यावर थांबणारे मला पटत नाहीत. खोतीच्या काळात कायदा खोताच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, बाजूला होता, खरंच. अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसल्याच नाहीत. जमीन ओसाड, घरात उपासमार, तरी संप टिकला. पण त्यांना हवा होता तोही कायदाच! डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. ई. पी. थॉम्पसन हा स्वतः मार्क्सवादी परंपरेतला इतिहासकार. तोही म्हणायचा की कायदा वरच्यांच्या सोयीचा असला तरी त्यांचेही हात थोडेफार बांधतो. चरीच्या कुळांना हे थॉम्पसनच्या आधी कळलं होतं.

आणखी दोन अडचणी आहेत. खोत कोण आणि कूळ कोण, हे बहुतेक ठिकाणी जातीवरूनही ठरत होतं, आणि नुसत्या वर्गाच्या भाषेत ते मावत नाही. शिवाय माझ्याकडे येणाऱ्या मारहाणीच्या केसेसमध्ये मारणारा आणि मार खाणारी एकाच घरातले, एकाच मजुरीवर जगणारे असतात. 'भांडवलशाही गेली की थांबेल' हे उत्तर मी त्या बाईला देऊ शकत नाही. तिला आज संरक्षणाचा आदेश हवा असतो, आणि तो कोर्टातूनच मिळतो.