पूजेला बसत नाही म्हणतो, तर मखर करायला बसवा

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. त्यातला महत्त्वाचा भाग तिच्याच शब्दांत:

"मावशी, आमच्या सोळा वर्षांच्या मुलाने जाहीर केलंय की तो एथीस्ट आहे. यंदा गणपतीच्या पूजेला त्यालाच बसवायचं ठरलं होतं. आता म्हणतो, जे मानत नाही त्याचं नाटक करणार नाही. ह्यांच्या मते तो इथल्या संगतीने बिघडला. ऑगस्टमध्ये सासू-सासरे येतायत, सासरे कट्टर सावरकरभक्त. त्यांच्यापासून हे कसं लपवू? आणि मंडळात कुणाला कळलं तर?"

पुढे धाकटीचं मराठी, सासऱ्यांची औषधं आणि कोथरूडचा फ्लॅट आहे. त्यांचं नंतर बघू.

अगं, तुझ्या पत्रात बाप्पाचं नाव एकदा येतं आणि मंडळाचं सात वेळा. मी मोजलं. भीती कुणाची वाटतेय ते तूच बघ. परक्या मुलखात मंडळ म्हणजे माहेर, हे मला सांगायला नको; नव्या देशात पहिल्या हिवाळ्यात आपल्याला डबा कुणी आणून दिला ते कोणी विसरत नाही. पण म्हणून पोराच्या डोक्यातल्या विचारांचा हिशेबही मंडळाला द्यायचा?

तू राहतेस तिथे 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या 37.2 टक्के लोकांनी 'कुठलाही धर्म नाही' असं लिहून दिलं. तुझा मुलगा त्याच्या वर्गात चारचौघांसारखाच आहे. सप्टेंबरात सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, गेला की शाळेच्या सामूहिक प्रार्थनेला बसायचं की नाही, हे कायद्यानेच त्याचं तो ठरवणार, तुझी सहीसुद्धा लागणार नाही. खळबळ माजलीच तर ती भाड्याच्या त्या एका हॉलमध्ये माजेल, जिथे तू वडे तळायला जातेस.

आणि तुझे 'हे' फर्ग्युसनचे ना? तूच अभिमानाने लिहिलंयस. त्याच कॉलेजचे प्राचार्य होते आगरकर. 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढलं, रूढींसोबत देवाधर्माचीही चिकित्सा केली, आणि माणूस जिवंत असताना पुणेकरांनी त्याची प्रेतयात्रा काढली. तेव्हा बिघडवणारी हवा रेडिंगचीच असते असं काही नाही, पुण्यातही ती चांगली खेळत होती. सासऱ्यांचं तर विचारूच नकोस. सावरकरांनी आपल्यामागे क्रियाकर्म करू नका, विद्युतदाहिनीत दहन करा, असं सांगून ठेवलं होतं. 1966 साली दहन तसंच झालं. हे सासऱ्यांना तुझ्या-माझ्याहून जास्त ठाऊक असणार. नातवाशी या विषयावर बोलायला घरात सगळ्यात लायक माणूस तेच, आणि तू निघालीस त्यांच्यापासूनच लपवायला!

आमच्या साताऱ्याच्या घरी माझे वडील होते. देव्हाऱ्यासमोर त्यांनी हात जोडलेले मी पाहिले नाहीत. पण मखर त्यांचं. श्रावण सरत आला की पुठ्ठे, खळ, रंगीत जिलेटीनचे कागद घेऊन ते रात्र-रात्र बसत. आरती सुरू झाली की ओसरीवर पेपर उघडत आणि खिरापतीला बरोब्बर आत येत. आजी म्हणायची, "नसेना का मानत, मखर तरी सरळ लावतो." विषय संपला.

आत्याचं मात्र तसं नव्हतं. तिने एकदा "माझाही विश्वास नाही" म्हटलं, तेव्हा उत्तर मिळालं, "बरं, पुरणाचं बघ." पुरुषाच्या नास्तिकपणाला आपल्याकडे ओसरी मिळते, बाईच्या नास्तिकपणाला चूल सुटत नाही. धाकटी उद्या हेच म्हणाली तर हे लक्षात ठेव.

समाजात याचा काही वादच नाही, असं मी म्हणणार नाही. आमच्या साताऱ्याच्याच डॉ. दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. ते तर सतत सांगत होते की आमचा विरोध देवाधर्माला नाही, लोकांना लुबाडणाऱ्या अंधश्रद्धेला आहे. 'परमेश्वराला रिटायर करा' म्हणणारे होते डॉ. श्रीराम लागू. दाभोलकर त्या टोकाला जात नसत, आणि तरी दोघं एकाच व्यासपीठावर बसून लोकांसमोर हा वाद घालत. नाशिकच्या एका शिक्षकांनी शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला तर त्यांची वेतनवाढ अडली. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मिळवून दिली. म्हणजे हात न जोडणं भारतात महाग पडू शकतं. तुझ्या मुलाला ते इंग्लंडात फुकट मिळतंय, तर निदान घरात त्याची किंमत लावू नका.

(सौदीतल्या आयांनो, हे तुमच्यासाठी नाही. तिथे 2014 पासून नास्तिक विचार दहशतवादविरोधी नियमांत मोडतात. मुलांना समजावून सांगा, असल्या गप्पा फोनवर आणि शाळेत नकोत.)

आता करायचं काय. पूजेला बापाने बसावं. व्हिडिओ कॉलवरचे गुरुजी चौकशी करणार नाहीत, त्यांना पुढच्या घरी जायचं असतं. मुलाला काम द्या, आणि खरं काम द्या. माझी लेक त्याच वयात असंच म्हणाली होती. 'घालीन लोटांगण'पर्यंत पोचलो की कापराच्या धुराने छतावरचा अलार्म केकाटायचा, म्हणून आरतीभर ती स्टुलावर उभी राहून त्याच्याखाली टॉवेल हलवत असे. आज तिच्या घरी गणपती नाही. पण आमच्याकडे आली की उकडीच्या मोदकांना कळ्या तीच पाडते, माझ्याहून सुबक. देव मानते का, ते मी विचारत नाही.

मुलालाही एक अट घाल. मानणाऱ्यांची टिंगल करायची नाही. आजीचा जप चालू असताना यूट्यूबवरचे युक्तिवाद ऐकवायचे नाहीत. मूर्तीला नमस्कार केला नाही तर चालेल, आजी-आबांना वाकून करायचा. मंडळात कुणी विचारलंच, "चिरंजीव पूजेला नाही बसले?" तर सांग, "बाहेर गाड्या लावून देतोय." पार्किंगला माणूस मिळाला म्हणून अध्यक्षच खूश होतील.

राहता राहिलं बाकीचं. धाकटीला आणि आजीला स्वयंपाकघरात दोघींनाच सोड, तू मध्ये दुभाषी होऊ नकोस. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. आणि प्रवासविमा काढताना सासऱ्यांचे जुने आजार लपवू नका. फ्लॅटचं सीएला विचार.