सूचिपत्र आधी वाच

प्रिय मुली,

पत्र मिळालं. जर्मनीतल्या अतिउजव्या चळवळी आणि त्यांचे छोटे प्रकाशक हा विषय प्रबंधाला घेतलास, आणि लगेच शंकाही काढलीस: हजार-दीड हजार प्रती काढणाऱ्यांना एवढं महत्त्व द्यावं का? चाळीस वर्षं मी प्रुफं तपासली, त्या अनुभवावरून सांगतो. खपाचा आकडा बाजूला ठेव. प्रकाशक कुणाला कुणाच्या शेजारी बसवतो ते बघ.

सुरुवात म्युनिकच्या युलियुस लेमानपासून कर. 1890 साली त्यानं संस्था काढली ती वैद्यकीय पुस्तकांची. डॉक्टरांच्या हाताशी लागणारे रंगीत चित्रांचे ॲटलस, जोडीला वैद्यकीय साप्ताहिक. माल चोख, पैसाही चांगला. त्याच पैशावर आणि त्याच नावाखाली तो वंशवादी पुस्तकं काढू लागला. मानवी आनुवंशिकतेवरचा बाउर, फिशर आणि लेन्झ यांचा ग्रंथ 1921 मध्ये त्याच्याकडूनच आला. पुढच्याच वर्षी जर्मन लोकांच्या 'वंशशास्त्रा'वर त्यानं हान्स गुंथरकडून पुस्तक लिहवून घेतलं. गुंथर मुळात भाषाशास्त्र शिकलेला. म्हणजे लेखक बाड घेऊन दारात आला नव्हता, प्रकाशकानंच विषय ठरवून लेखक गाठला होता. लिहवून घेण्यात गैर काही नाही, आपल्याकडेही ते चालतंच. पण कातडीचे रोग ओळखायला शिकवणाऱ्या पुस्तकांवरचा छाप माणसांचे 'वंश' ओळखायला शिकवणाऱ्या पुस्तकावर आला, तर साध्या डॉक्टरानं संशय तरी का घ्यावा? 1930 मध्ये जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या नाझी मंत्र्यानं गुंथरला येना विद्यापीठात अध्यासन मिळवून दिलं. विद्वत्ता आधी छापखान्यात तयार झाली, विद्यापीठात नंतर पोचली.

आणि लेमान नुसता गादीवर बसून हिशेब करणारा नव्हता. नोव्हेंबर 1923 मध्ये हिटलरचा उठाव झाला तेव्हा ओलीस धरलेल्या बव्हेरियन मंत्र्यांना लेमानच्या बंगल्यात नेऊन ठेवलं होतं. ही गोष्ट तळटीपेत ढकलू नकोस, वर मजकुरात घे. नाझी पक्षाच्या स्वतःच्या एहेर प्रकाशनाबद्दल मात्र इतकं लिहून झालंय की त्यात तू वेळ घालवू नयेस.

या प्रकाशकांचं दुसरं काम म्हणजे मेलेला विचार टिकवून धरणं. त्याचा एक धागा आपल्या देशातून जातो. सावित्री देवी नावाची, फ्रान्समध्ये जन्मलेली आणि कलकत्त्यात संसार थाटलेली बाई. हिटलरला अवतार ठरवणारं तिचं पुस्तक 1958 साली कलकत्त्यात छापलं गेलं. तेव्हा कोण वाचणार होतं ते? पण 1966 मध्ये अमेरिकेत विल्यम पिअर्स या नव-नाझीनं आपल्या नियतकालिकात त्याचा संक्षेप दिला, पुढे टोरोंटोच्या एका प्रकाशकानं ते पुन्हा काढलं. याच पिअर्सनं टोपणनावानं लिहिलेल्या, टपालानं आणि बंदुकांच्या जत्रांत विकल्या जाणाऱ्या कादंबरीची पानं 1995 च्या ओक्लाहोमा सिटी स्फोटानंतर तो घडवणाऱ्या टिमथी मॅकव्हेच्या गाडीत सापडली. स्फोटात 168 माणसं गेली. कादंबरीनं स्फोट घडवला असं सरळ लिहू नकोस, तिची पानं गाडीत होती एवढं लिही.

आता हल्लीचं. जर्मनीच्या झाक्सन-आनहाल्ट प्रांतातलं श्नेलरोडा हे खेडं. तिथल्या जुन्या वाड्यात ग्योट्झ कुबिचेक यांचं अंटायोस प्रकाशन चालतं, बाहेर शेळ्या (पत्रकारांना त्या शेळ्यांचं फार कौतुक). 2017 मध्ये त्यांनी एका दिवंगत इतिहासकाराची अतिउजव्या वळणाची पातळशी पुस्तिका काढली. समीक्षकांच्या दरमहा शिफारशीच्या यादीत एका परीक्षकानं आपले सगळे गुण तिच्यावर टाकले आणि ती यादीत चढली. गदारोळ झाला, मागणी वाढली. मग 'श्पीगेल' साप्ताहिकानं आपल्या खपाच्या यादीतून ती काढून टाकली, तर 'आमचा आवाज दाबला' म्हणायला प्रकाशक मोकळे. त्याच ऑक्टोबरात फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात त्यांच्या कार्यक्रमात घोषणाबाजी आणि धक्काबुक्की झाली. माझं मत विचारशील तर ते नाव शिफारशीच्या यादीत येऊच द्यायला नको होतं. पण एकदा गाजल्यावर खपाच्या यादीतून गुपचूप खोडणं त्याहून वाईट, कारणासकट चारचौघांत वाद घालायला हवा होता.

म्हणून सांगतो, पुस्तक हातात आलं की आधी मजकुराला लागू नकोस. पुस्तकामागच्या जाहिराती बघ, संस्थेची वर्षावर्षाची सूचिपत्रं जमव. कुठल्या साली कुठला प्रतिष्ठित लेखक कुणाच्या शेजारी आला, अनुवाद कुणी केला, पैसा कुठल्या पुस्तकानं मिळवला आणि कुठल्यावर उडवला, याचा तक्ता कर. त्यांची मुखपृष्ठं प्रबंधात छापू नकोस, फुकटची जाहिरात होते. त्यांची पुस्तकं विकतही घेऊ नकोस. लाइपझिगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 1913 पासूनची जर्मन पुस्तकं जमा आहेत, तिथे बसून वाच. फक्त एक: जुन्या पुस्तकांची नव्यानं बांधणी करताना मागची जाहिरातींची पानं कधी कधी काढून टाकतात, म्हणून मूळ बांधणीतली प्रत आहे का हे आधी विचार.

पहिलं प्रकरण छापील पाठव. मला पडद्यावर चुका दिसत नाहीत.

तुझा,
काका