डबा मोठा, मासा किती? : वाचकांचे प्रश्न

डबाबंद मासळीबद्दल आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक परदेशात शिकणाऱ्या मुलामुलींची आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : मी जर्मनीत डॉर्टमुंडला शिकतो. ताजी मासळी खिशाला परवडत नाही. दुकानात टूना, सार्डिन, बांगडा, टोमॅटो सॉसमधलं हेरिंग असे डबे असतात. खरा स्वस्त कोणता हे कसं ओळखायचं?

उत्तर : डब्याची किंमत बाजूला ठेवा, आतल्या माशाची काढा. पाण्यातल्या टूनाच्या डब्यावर दोन वजनं छापलेली असतात. एक एकूण वजन आणि दुसरं पाणी निथळून उरणाऱ्या माशाचं. जर्मन डब्यावर या दुसऱ्याला ‘आबट्रोप्फगेविष्ट’ म्हणतात. १८५ ग्रॅमच्या डब्यात मासा साधारण १३० ग्रॅम निघतो, बाकीचं सिंकमध्ये जातं.

फळीवरच्या चिठ्ठीवर किलोचा भाव लिहिलेला असतो, पण तिथेच गोम आहे. टूनाचा भाव निथळलेल्या वजनावर काढतात. टोमॅटो सॉसमधल्या हेरिंगचा भाव मात्र सॉससकट पूर्ण वजनावर असतो, कारण त्यावर निथळलेलं वजन नसतंच. समजा टूनाचा डबा १.२० युरोला आहे आणि मासा १३० ग्रॅम, तर चिठ्ठीवर किलोला ९.२३ युरो दिसेल. शेजारी हेरिंगचा २०० ग्रॅमचा डबा १.१० युरोला असेल, तर चिठ्ठी ५.५० दाखवेल. हेरिंग जवळजवळ निम्म्या भावात मिळतंय असं वाटतं. आता डबा उलटा करून घटकांची यादी वाचा. हेरिंगच्या नावापुढे टक्केवारी दिलेली असते, बहुतेकदा ६० च्या आसपास. ५.५० ला ०.६० ने भागलं की ९.१७ येतात, म्हणजे टूनाएवढाच भाव. (आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, आजचे भाव तुम्ही घाला.) सॉस वाया जात नाही हे खरं, पण तो गोडसर असतो आणि माशाच्या भावाने टोमॅटो विकत घेण्यात शहाणपण नाही.

दुसरी बचत आकारात आहे. अखंड तुकड्यांपेक्षा टूनाचा चुरा स्वस्त असतो. खिमा, कटलेट, भुर्जी करायची असेल तर चुराच घ्या. आपणच फोडणार असलेल्या तुकड्याचे जास्त पैसे कशाला मोजायचे? कालवण करायचं असेल तर मात्र बांगड्याचे किंवा सार्डिनचे तुकडे घ्या, चुऱ्याचा रश्श्यात गाळ होतो.

रोज टूनाच खाऊ नका. प्रथिनं टूना आणि सार्डिन दोन्हींत जवळपास सारखीच, शंभर ग्रॅमला २५ च्या आगेमागे. पण काट्यासकट भरलेल्या सार्डिनमधून शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळतं, शिवाय ओमेगा-३ टूनापेक्षा कितीतरी जास्त. काटा डब्यातच इतका मऊ झालेला असतो की चमच्याने चुरडतो. तो काढून टाकणं म्हणजे कॅल्शियमच काढून टाकणं.

प्रश्न : आमसूल, मालवणी मसाला सगळं घालूनही डब्यातल्या टूनाचा खिमा कोरडा, दोऱ्या-दोऱ्यांचा होतो. वर हॉस्टेलभर वास येतो तो वेगळाच. काय चुकतं?

उत्तर : वेळ चुकते. डब्यातला मासा कच्चा नसतो. डबा सीलबंद केल्यावर तो वाफेच्या दाबाखाली ११५ ते १२१ अंशांवर शिजवलेला असतो, म्हणूनच तो फ्रीजबाहेर वर्षानुवर्षं टिकतो. अशा माशाला ताज्या मासळीसारखी दहा मिनिटं वाफ दिली की उरलंसुरलं पाणीही निघून जातं आणि धागे हाती येतात. मसाला आधी पूर्ण शिजवायचा आणि मासा शेवटी घालायचा.

दोन डब्यांचा म्हणजे सुमारे २०० ते २५० ग्रॅम माशाचा खिमा करायचा तर एक मोठा कांदा बारीक चिरा. दीड टेबलस्पून तेलात तो कडेने तपकिरी होईपर्यंत परता, याला मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं लागतात. पाच लसूण पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून घाला, मग पाव चमचा हळद आणि दीड चमचा मालवणी मसाला. मसाला करपू नये म्हणून लगेच दोन टेबलस्पून पाणी टाका. तीन आमसुलं आणि पाऊण वाटी पाणी घालून पाच मिनिटं झाकण ठेवा. पाणी निम्म्यावर आलं की निथळलेला मासा घालून दोनदा हलवा. तीन मिनिटांत गॅस बंद करून कोथिंबीर घाला, ओलं खोबरं असेल तर तेही. मीठ सर्वांत शेवटी, तेही चाखून. मिठाच्या पाण्यातला मासा असेल तर बहुतेकदा लागतच नाही. फार खारट वाटला तर मासा चाळणीत घेऊन एकदा पाण्याखाली धरा.

बांगड्याच्या तुकड्यांचं कालवण याच हिशेबाने. रस्सा, तिरफळं, आमसुलं सगळं उकळून चव जमली की तुकडे अलगद सोडा, डाव फिरवू नका. भांडं कडेला धरून हलवा आणि एक उकळी आली की उतरवा.

कटलेट फुटण्याचं कारण पाणी. १३० ग्रॅम मासा मुठीत घट्ट पिळून घ्या. त्याला २०० ग्रॅम उकडलेला बटाटा पुरतो, पण बटाटा पूर्ण गार झाल्यावर कुस्करा. गरम कुस्करला तर चिकट होतो. रव्यात घोळवून शॅलो फ्राय करा.

वासाचं म्हणाल तर तो बराचसा डब्यातल्या तेलाचा असतो. तेल फोडणीला वापरायला हरकत नाही, पण त्यात पाण्याचे थेंब असतात. तापलेल्या कढईत ओतलं तर ते तडतडून गॅसभर उडतं आणि धूर होतो. थंड कढईत ओतून मंद आचेवर तापवा. नको असेल तर सिंकमध्ये न ओतता जुन्या कागदात टिपून टाका. रिकामा डबा लगेच गरम पाण्याने धुवा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

प्रश्न : अर्धा डबा उरला तर तसाच फ्रीजमध्ये ठेवला तर चालतो का? दुसऱ्या दिवशी टिफिनमध्ये नेता येईल का?

उत्तर : उघडलेल्या डब्यात ठेवू नका, धातूची चव उतरते. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. टिफिन न्यायचा तर ऑफिसात पोचल्यावर तो फ्रीजमध्ये गेला पाहिजे.

यात कुचराई नको, कारण टूना, बांगडा, सार्डिन हे मासे उघड्यावर कोमट राहिले की जिवाणू त्यांत हिस्टामिन तयार करतात. ते एकदा तयार झालं की उकळून, तळून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. लोक ‘मासे बाधले, ॲलर्जी आहे’ म्हणून कायमचे सोडतात. पुष्कळदा दोष माशाचा नसून बाहेर राहिलेल्या डब्याचा असतो. घास जिभेला मिरीसारखा झोंबला तर तिथेच थांबा.

प्रश्न : मी लेस्टरला असते, चौथा महिना आहे. सासूबाई फोनवर म्हणतात, डब्यातले मासे बंद कर. खरंच बंद करावेत का?

उत्तर : बंद करायची गरज नाही, मोजून खा. टूना मोठा, शिकारी मासा आहे, म्हणून त्याच्यात पारा साठतो. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला असा आहे : गरोदरपणात आठवड्याला टूनाचे चार डब्यांहून जास्त नकोत, आणि हा हिशेब डब्यात निथळलेला मासा १४० ग्रॅम धरून केलेला आहे. तिथले बरेच डबे त्याहून लहान, शंभर ग्रॅमच्या आसपास मासा असलेले असतात. सार्डिन, बांगडा, सॅमन हे तेलकट मासे आठवड्यातून दोनदाच, एका वेळी १४० ग्रॅमपर्यंत. सार्डिन लहान आणि अल्पायुषी, त्यात पारा कमी, म्हणून निवड करायची झाली तर आमचं मत सार्डिनकडे. सासूबाईंना काट्यातल्या कॅल्शियमचं सांगून पाहा. तुम्हाला डॉक्टरांनी वेगळा आहार सांगितला असेल तर तो पाळा.

प्रश्न : पुण्यात ऑनलाइन टूनाचे डबे मिळतात. पावसाळ्यात मासळी महाग होते तेव्हा हे स्वस्त पडतील का?

उत्तर : नाही. इथले डबे बहुधा थायलंडहून आलेले किंवा केरळात भरलेले असतात, आणि माशाच्या वजनावर भाव काढला तर ताज्या बांगड्याच्या पुढे जातात. तुलना करताना एक धरा : किलोभर बांगड्यातून डोकं, पोट गेल्यावर सहाशे ग्रॅमच्या आसपास उरतं, त्यातही काटे आहेत. तरीही बांगडाच स्वस्त. जून-जुलैत मासेमारीबंदी असते तेव्हा कोकणी घरांचा जुना मार्ग बरा : मे महिन्यात भरून ठेवलेली सुकट, जवळा, सुका बांगडा. डबा प्रवासाला, ट्रेकला, किंवा घरी कुणी नसताना घाईच्या जेवणाला ठेवा. घेताना अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि आयातदाराचं नाव पाहा.

थोडक्यात

*माशात काचेसारखे खडे सापडले.* बहुधा स्ट्रुव्हाइट : माशातल्याच मॅग्नेशियम, फॉस्फेटचे स्फटिक, निरुपद्रवी. खडा गरम व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात काही मिनिटं ठेवा. विरघळायला लागला तर स्ट्रुव्हाइट, तसाच राहिला तर काच. काच असेल तर डबा दुकानात परत न्या.

*डबा चेपलेला आहे, सवलतीत मिळतोय.* पोटाला उथळ पोचा असेल तर घ्या. काठावरच्या शिवणीवर पोचा असेल, किंवा बोट बसेल इतका खोल असेल, तर फुकटही नको. फुगलेला किंवा उघडताना फसफसून उडालेला डबा चाखूनसुद्धा पाहू नका. त्यात बोटुलिझमचं विष असू शकतं आणि त्याला वास येईलच असं नाही. वरवरचा, पुसून जाणारा गंज चालतो.

*तारीख उलटून दोन महिने झाले.* ‘बेस्ट बिफोर’ची तारीख चवीची हमी असते. डबा शाबूत असेल तर खाता येतो. तेलातलं सार्डिन तर जुनं होईल तसं मुरतं. फ्रान्समध्ये ते सालवार जपून ठेवणारे शौकीन आहेत.

*अँचोव्हीचा डबा दुकानात फ्रीजमध्ये का होता?* हा छोटा मासा नुसता मिठात मुरवलेला असतो, दाबाखाली शिजवलेला नसतो. घरीही फ्रीजमध्येच ठेवा.