क्वेरी ४० मिलिसेकंदांची, मग रिपोर्टला १२ सेकंद कसे?

प्रश्न असा आहे: ओरॅकलवरचा ५,००० ओळींचा रिपोर्ट जावा ॲपमधून यायला १२ सेकंद लागतात, डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) म्हणतो क्वेरी ४० मिलिसेकंदांत होते, तर कोणतं लॉगिंग लावू?

डीबीए खोटं बोलत नाहीये. तो फक्त क्वेरी चालण्याचा वेळ सांगतोय, ओळी तुमच्यापर्यंत पोचण्याचा नाही. हा फरक न कळल्यामुळे नको तिथे इंडेक्स चढवले जातात, वर मोठा सर्व्हर मागवला जातो आणि रिपोर्ट तसाच रखडतो.

ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे जावा ॲपला डेटाबेसशी जोडणारा दुवा, तुम्ही काही सांगितलं नाही तर, एका फेरीत १० ओळी आणतो. ५,००० ओळींना ५०० फेऱ्या. एक फेरी २० मिलिसेकंदांची धरली तरी १० सेकंद नुसत्या ये-जा करण्यात गेले. डीबीए तीच क्वेरी डेटाबेसच्याच मशीनवर बसून चालवतो, तिथे फेरी जवळपास फुकट.

टूल कुठलंही वापरा, पण फक्त एक्झिक्यूटभोवती, म्हणजे क्वेरी चालवणाऱ्या कॉलभोवती, घड्याळ लावू नका. कनेक्शन मिळायला लागलेला वेळ, एक्झिक्यूटचा वेळ, सगळ्या 'नेक्स्ट' कॉल्सची (पुढची ओळ मागणारे कॉल) बेरीज आणि ओळींची संख्या, हे चार आकडे वेगवेगळे नोंदवा. नेक्स्टची बेरीज वेगळी हवीच, नाहीतर ओळीतून ऑब्जेक्ट बनवायचा वेळही डेटाबेसच्या खात्यावर पडतो. एकदा गंमत म्हणून ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागलेला प्रत्येक नेक्स्ट ओळ क्रमांकासकट छापा. ११, २१, ३१, ४१ असे आकडे सरळ रांगेत दिसले की चोर सापडला: दर १० ओळींनंतर नवी फेरी.

डेटाबेसच्या बाजूने डीबीएमएस मॉनिटर या ओरॅकलच्या पॅकेजमधून वेट्ससह (कशाची वाट पाहिली त्याच्या नोंदींसह) ट्रेस, म्हणजे सविस्तर नोंद, चालू करा आणि ती फाइल टीकेप्रूफ या टूलमधून वाचण्याजोगी करून घ्या. 'फेच' या ओळीतल्या 'रोज'ला (rows, आणलेल्या ओळी) 'काउंट'ने (किती वेळा आणल्या) भागा. उत्तर १० च्या आसपास आलं तर संपलं. कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेली, वाटून वापरायची कनेक्शन्स) असेल तर विनंती कुठल्या सेशनवर पडेल याचा नेम नाही, म्हणून ट्रेस सेशनवर न लावता क्लायंट आयडेंटिफायरवर, म्हणजे ॲपने कनेक्शनला दिलेल्या ओळखीवर, लावा. 'एसक्यूएल नेट मेसेज फ्रॉम क्लायंट' हा वेट (डेटाबेस ॲपच्या पुढच्या निरोपाची वाट पाहतो तो वेळ) आयडल, म्हणजे रिकामा, या गटात मोडतो, म्हणून बरेच जण तो वाचतच नाहीत. तुमचे १० सेकंद तिथेच पडलेले असतात. अर्थात ॲप स्वतःचं काम करत बसलं असेल तर तो वेळही यातच मोजला जातो. म्हणून वरचे चार आकडे आधी.

फेच साइज, म्हणजे एका फेरीत आणायच्या ओळी, ५०० केला की फेऱ्या १० होतात. ५०,००० मात्र करू नका. जुने ड्रायव्हर कॉलमच्या कमाल रुंदीला फेच साइजने गुणून मेमरी अडवतात. ४,००० अक्षरांचे चार-पाच कॉलम असले की हीप (जावा ॲपची मेमरी) फुगलाच. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर गोष्ट उलटी आहे: तिथला ड्रायव्हर मुळात सगळ्या ओळी एकदम आणतो, आणि ऑटोकमिट (प्रत्येक आदेश आपोआप पक्का करणं) बंद केल्याशिवाय फेच साइजला जुमानत नाही.

शिवाय लॉगिंगचाही भार असतोच. प्रत्येक ओळीचं छापणं प्रॉडक्शनवर विसरून ठेवलंत तर ते १२ चे २० सेकंद करेल.

आणि डीबीए तरीही ऐकत नसेल, तर त्याला ॲपच्या मशीनवरून एसक्यूएल प्लस, हे ओरॅकलचं क्वेरी चालवायचं टूल, उघडायला लावा. ऑटोट्रेस (क्वेरीनंतर आकडेवारी दाखवणारी सोय) चालू करून तीच क्वेरी ॲरेसाइज (तिथला फेच साइज) १० ठेवून एकदा, ५०० ठेवून एकदा. खालच्या आकडेवारीत राउंडट्रिप्सची, म्हणजे फेऱ्यांची, ओळ येते, ती त्यालाच मोठ्याने वाचू द्या.